नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम

ज्या सोमवारी आमच्या गिरिजाच्या पोटातलं बाळ वॉशिंग मशीनमध्ये गेलं, त्या सोमवारी नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात नळाला पाणी आलं की माणूस हातातलं काम टाकून उठतो. मीही उठलो. आदल्या दिवशी गिरिजाचं डोहाळजेवण झालं होतं, कपड्यांचा ढीग पडला होता आणि मशीन हे खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

त्याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, तेव्हा घरातली बाकीची सगळी खाती आधीच वाटली गेली होती. प्रत्येक धुण्यानंतर दाराचं रबर कोरड्या फडक्याने पुसायचं आणि दार थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे कुबट वास येत नाही. दर संकष्टीला खालचं छोटं झाकण उघडून फिल्टर साफ करायचा. दर अमावास्येला रिकामा ड्रम गरम पाण्यावर फिरवून घ्यायचा. बोअरचं खारं पाणी मशीनला दाखवायचंसुद्धा नाही. माझी बायको शकुंतला म्हणते, "एवढी निगा माझी राखली असती तर माझे गुडघे धरले नसते." गुडघ्यांना फिल्टर नसतो, हे मी तिला अनेकदा सांगितलं आहे.

त्या सोमवारी मी ढिगातून गिरिजाची हिरवी इरकल वेगळी काढली. ओटीतला नारळ कुणीतरी तसाच साडीत गुंडाळून ठेवला होता, तो काढला, तांदूळ झटकले आणि साडी एकटीच नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅमवर लावली. पदराच्या टोकाला एक गाठ होती. ती मला दिसली नाही. आमच्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरली की त्यातले चिमूटभर तांदूळ, एक सुपारी आणि हळकुंड पदराच्या टोकाला बांधतात, साडी तशीच कपाटात ठेवतात आणि ती गाठ बाळ हातात आल्यावरच सोडतात. शकूला हे ठाऊक होतं, गिरिजालाही. मला नव्हतं, कारण बायका ओटी भरतात तेव्हा आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत पत्ते कुटत असतो.

धुणं अर्ध्यावर आलं होतं. मी ड्राय बाल्कनीत स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. गिरिजा दारात येऊन उभी राहिली. तिचा गाऊन पुढून रिकामा लोंबत होता.

"बाबा," ती म्हणाली, "माझं पोट हलकं झालंय."

मी तिच्याकडे पाहिलं आणि मग मशीनकडे. काचेआड साडी फुगून तरंगत होती. तिच्यामागून एक टाच आली, काचेवर टेकली, डावीकडून उजवीकडे सरकली आणि साडीत गेली. पहिलं बाळंतपण म्हणून गिरिजा माहेरी आली होती आणि गेले पंधरा-वीस दिवस ती मला हाक मारून हीच टाच दाखवत होती, पोटाच्या उजव्या अंगाला. ती ओळखायला मला वेळ लागला नाही.

शकू हात पुसत आली. वाकून काचेतून बघितलं, बराच वेळ.

"पदराची गाठ तशीच आत गेली?"

"कुठली गाठ?"

शकू उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर कुणी बसलेलं तिला जन्मात खपलेलं नाही.

मी स्टॉपचं बटण दाबलं. मशीनने ऐकलं नाही. सगळी बटणं दाबून पाहिली. मग प्लग काढला. ड्रम थांबला, दिवे गेले, आणि गिरिजा थरथरायला लागली. वैशाखातली दुपार होती, पंखा गरम हवा फेकत होता आणि पोरीची नखं निळी पडत चालली होती. "लावा, बाबा, लावा," ती म्हणाली. मी प्लग परत लावला. दिवे आले, ड्रम फिरायला लागला, तिच्या नखांना रंग आला. त्याच दिवशी संध्याकाळी मी हॉलमधल्या इन्व्हर्टरची वायर ओढून मशीनला जोडली. पंखा बंद पडला तरी चालेल, मशीन बंद पडता कामा नये, हे आमचं तिघांचं न बोलता ठरलं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर एक मुलगी बोलली. आवाज गोड होता.

"सर, मशीनमध्ये काय आहे?"

"बाळ आहे. सातव्या महिन्याचं."

"कॉटन की सिंथेटिक, सर?"

मी फोनवर हात ठेवून मागे बघितलं.

"कॉटन सांगा," शकू मागून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवनाथ नावाचा मेकॅनिक आला. त्याने बूट दाराबाहेर काढले, मशीनवर पंजा ठेवला, डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला आणि लोड बरोबर आहे म्हणाला.

"दार फोडता येईल?" मी विचारलं.

"फोडता येईल. पण ह्या काचेचे तुकडे आत पडतात साहेब, बाहेर नाही."

"प्रोग्रॅम बदलता येईल?"

"सुरू झाल्यावर नाही येत."

गिरिजा भिंतीला धरून उभी होती. तिने विचारलं, "ह्या प्रोग्रॅममध्ये शेवटी काय येतं?"

"आधी वॉश, मग रिन्स. शेवटी स्पिन येतं, ताई," नवनाथ म्हणाला. "पिळून झाल्याशिवाय दार उघडत नाही. ते तसंच बनवलेलं असतं."

मग त्याने चहा घेतला. स्पिनच्या आधी मशीन एक अर्धा फेरा घेतं, आतलं वजन चाचपतं आणि मगच जोर धरतं, हेही त्याने सांगितलं. मला हे माहीत होतं. इतकी वर्षं तो अर्धा फेरा ऐकला की मी कपडे वाळत घालायला उठत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी फिल्टरच्या झाकणाशी जाऊन बसलो.

"खालून पाणी काढलं तर?" मी विचारलं. फिल्टरशेजारी बोटाएवढी एक नळी असते. तिचं बूच काढलं की पाणी हाताने बाहेर सोडता येतं. वीज गेली की उपयोगी पडते.

"पाणी संपलं की लॉक सुटतो," नवनाथ म्हणाला. "पण बिनपाण्याचं आतल्याचं काय होईल, ते डॉक्टरांना विचारा."

बिराजदार मॅडम घरी आल्या. स्टेथोस्कोप काचेला लावला, रबराला लावला, मागच्या पत्र्याला लावला.

"ठोके छान आहेत," त्या म्हणाल्या. "गिरिजा, तू लोहाच्या गोळ्या चालू ठेव. आणि तुम्ही पाणी इतक्यात काढू नका. नववा लागू द्या, मग खुशाल काढा."

"त्याआधी स्पिन आलं तर?"

"ते मशीनवाल्यांना विचारा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सॅनिटायझर हाताला चोळला.

तेव्हा आमच्यापुढे एवढंच उरलं. लवकर पाणी सोडलं तर बाळ कच्चं. उशीर झाला तर स्पिन. मधली जागा शोधायची आणि ती शोधायची मी, कारण खातं माझं होतं. मी रोज वॉशचा दिवा बघायचो. सकाळी उठून आधी देवाला हात जोडायचो ते सोडून दिलं, आधी दिवा बघायला लागलो.

मशीनने स्वतःहून वेग उतरवला होता. जो प्रोग्रॅम एका पेपरात संपायचा, तो आता आठवड्यांवर गेला होता. ड्रम थोडा इकडे झुलायचा, थांबायचा, थोडा तिकडे झुलायचा. बाळ साडीत गुरफटून झुलायचं. कधी पाठ दिसायची, कधी मूठ. एकदा एक कान काचेला चिकटला, चपटा झाला. शकू खाली बसून त्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही. गिरिजाचा नवरा वीरेश हैदराबादहून रोज व्हिडिओ कॉल करायचा. "पप्पा, फोन काचेजवळ न्या ना जरा," म्हणायचा, आणि मग आम्ही दोघंही ड्रमचा आवाज ऐकायचो. येऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा गिरिजाने नको म्हटलं. घरात जागा कमी पडत चालली होती.

कारण बाळ वाढत होतं आणि त्याच्याबरोबर मशीनही. पत्रा बाजूंनी फुगला. मशीन डावीकडच्या भिंतीला टेकलं, तेव्हा मी स्टूल बाहेर काढलं. मग वॉशबेसिनला टेकलं, तेव्हा बेसिन उचकटून काढलं. मी मशीनचे पाय फिरवून फिरवून लेव्हल साधत होतो, वर पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा मध्यावर आहे ना बघत होतो. मशीन जराही कललं की गिरिजाला घेरी यायची.

आठव्या महिन्यात वॉशचा दिवा गेला आणि रिन्सचा लागला. मशीनने जुनं पाणी थोडं थोडं सोडलं आणि नवं मागायला सुरुवात केली. नेमका तेव्हा नळाचा वार चुकला. मशीन बारीक आवाजात शिट्टी वाजवत राहिलं. बोअरचं पाणी लावायचं माझ्या जिवावर आलं. माझ्या नातवंडाला मी क्षारात घालणार नव्हतो. शकूने मजल्यावर सगळ्यांच्या बेल वाजवल्या. बायका साठवलेल्या पाण्याच्या कळशा घेऊन आल्या आणि मी वरच्या साबणाच्या खणातून तांब्या तांब्या ओतत राहिलो. समोरच्या फ्लॅटमधल्या वड्डेपल्लीबाईंनी दोन हंडे दिले आणि मशीनकडे बघून त्या म्हणाल्या, "आमचं टॉप-लोड आहे. वरून झाकण उघडतं. आमच्यात असलं काही होत नाही बघा." मी त्यांचे आभार मानले. हंडे तिथेच आपटावेत असंही वाटलं.

मग फक्त बाल्कनीच्या दाराची फट उरली. मशीन चौकटीपर्यंत आलं होतं आणि उद्यापरवा ती फट बुजणार हे तिघांनाही दिसत होतं. गिरिजा तर केव्हाची आत, बाल्कनीतच राहत होती. काचेला बाहेरून वाटीसारखा खोलगटपणा असतो, त्यात कपाळ टेकून ती बसायची. तिला बाहेर ये म्हणायची सोय नव्हती. ती आठ-दहा पावलं लांब गेली की मशीन पाणी घ्यायचं थांबायचं.

"मी जाते आत," शकू म्हणाली. "बाईमाणूस हवं जवळ."

"नळी कुठे आहे ते तुला माहीत आहे?"

"दाखवा."

"बूच अर्धा पिळा देऊन ओढावं लागतं. जोराने ओढलं तर तुटतं. गेल्या श्रावणात एकदा तुटता तुटता वाचलं." मी हवेतच बुचाला पिळा देऊन दाखवला. "शकू, मला जाऊ दे. मला फार भीती वाटते आहे. पण मला जाऊ दे."

तिने टोमणा मारला नाही. एक पाट, एक परात आणि जुन्या धोतरांची फडकी माझ्या हातात दिली.

"जायचं तर आत्ता जा," ती म्हणाली. "उद्या तुमचं पोट मावणार नाही."

मी श्वास सोडून आत सरकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फट गेली होती.

आत तीन बाजूंना मशीन होतं आणि चौथ्या बाजूला बाल्कनीचं ग्रिल. स्वयंपाकघराची खिडकी ग्रिलच्या कडेला येते, तिच्या गजांमधून शकू भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायची. गिरिजा उभी असायची किंवा काचेला टेकून असायची. मी खाली, फिल्टरच्या झाकणाशी, गुडघे छातीशी घेऊन. तिथून मला दिवे दिसत नव्हते. ती वरून सांगायची.

"दिवा?"

"रिन्स."

दिवसातून किती वेळा विचारायचो त्याला हिशोब नव्हता. वरून ती तेच उत्तर द्यायची आणि मी परत झाकणाला कान लावायचो.

एका सकाळी तिने विचारलं, "बाबा, मी झाले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर."

"काय करत होता?"

"पेपर वाचत होतो."

"आईचा आवाज येत होता?"

"येत होता."

ती हसली. "मग वाचलं काय?"

मला एकही बातमी आठवेना. मी तिला तसं सांगितलं. तिने खाली हात करून माझ्या डोक्यावर ठेवला. पोरीने बापाच्या डोक्यावर हात ठेवायची आमच्यात रीत नाही, पण तिथे हात ठेवायला दुसरी जागाही नव्हती.

मशीन अजून वाढत होतं. ग्रिलचे गज पाठीत रुतायला लागले. खिडकीतून ताट आडवं येईना, तेव्हा शकू भाकरीची गुंडाळी करून द्यायला लागली. बाळाला आता ड्रममध्ये वळता येत नव्हतं. साडीचा हिरवा रंग सगळा निघून गेला होता आणि काचेआड नुसती कातडी दिसत होती, दाबलेली, सुरकुतलेली. दाराच्या रबराच्या घडीत अडकलेल्या ओटीच्या तांदळांना पांढरे कोंब आले होते. माझा हात फडक्याकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो.

"नववा कधी लागतो?" मी खिडकीकडे तोंड करून ओरडलो.

"परवा," शकू म्हणाली. "मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, परवापासून कधीही. परवाच्या आधी नको."

"मशीनला सांग," मी म्हणालो.

"सांगितलंय," शकू म्हणाली. तिने खरंच सांगितलं असणार.

ती सकाळ तशीच गेली. दुपारी ऊन ग्रिलवर आलं, खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मी परात नळीखाली सरकवली, उगीचच, हाताला काम म्हणून. नळी ओढून बाहेर घेतली, तिचं टोक परातीत टेकवलं, बूच चिमटीत धरून ठेवलं. धरून ठेवायला बंदी नव्हती.

मग ड्रम थांबला.

इतके दिवस तो आवाज अंगात भिनला होता. तो गेला तेव्हा खिडकीपलीकडे शकूच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला आणि तोही लगेच थांबला.

"गिरिजा, दिवा?"

"रिन्सच आहे, बाबा."

"नीट बघ."

"रिन्सच आहे. परवापर्यंत थांबायचं ठरलंय ना? थांबा."

तिचा आवाज अगदी शांत होता. लहानपणी ताप लपवून शाळेत जायला निघायची तेव्हा असाच असायचा. मी वर बघायचा प्रयत्न केला, पण मान वळत नव्हती. मग मी परातीत बघितलं. परात शकूने चिंचेने घासलेली होती, लख्ख. तिच्या तळात मशीनची वरची पट्टी उलटी दिसत होती आणि दिवा शेवटच्या जागी होता, स्पिनच्या.

"अहो!" शकू खिडकीतून ओरडली. "काय झालं? आवाज का थांबला?"

मी बुचाला अर्धा पिळा दिला आणि ओढलं. बूच निघून हातात आलं. नळीतून थेंबसुद्धा पडला नाही. मी नळी दाबली, झटकली, तोंडात धरून ओढली. आत काही नव्हतं, हवासुद्धा नव्हती. फिल्टर फिरवून बाहेर काढला. तो कोरडा होता, महिनोन्महिने पाणी न लागल्यासारखा.

तेवढ्यात माझे गुडघे भिजले. पाणी कोमट होतं आणि मागून येत होतं. मी अंग पिळवटून वळलो. पाणी गिरिजाच्या पायांवरून उतरत होतं, फरशीवर पसरत होतं, परातीच्या काठाला लागत होतं. तिने एक हात सपाट पोटावर दाबला होता आणि दुसऱ्याने मशीनच्या दाराची मूठ धरली होती.

"बाबा," ती म्हणाली, "धरा."

कुठे धरायचं ते तिने सांगितलं नाही. मी एक हात तिच्याकडे केला आणि एक दाराकडे. काचेआड ड्रमने सावकाश अर्धा फेरा घेतला.